वाईनमधला पाऊस

साखर ती साखर. उसाची असो की बिटाची, चहात घातली की गोडच लागते. ही गोष्ट प्रयोगशाळेत पहिल्यांदा दाखवून दिली ती बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने, १७४७ साली. त्याने बिटाच्या मुळातून स्फटिक काढले, सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि सांगितलं की वेस्ट इंडीजच्या उसातून जी साखर येते तीच ही. रासायनिकदृष्ट्या त्याचं म्हणणं आजही शंभर टक्के खरं आहे. पण त्यानंतर २३४ वर्षांनी, १९८१ साली, फ्रान्समधल्या नांत शहराच्या विद्यापीठात जेरार आणि मारीव्हॉन मार्टिन या नवराबायकोने असं काही मोजून दाखवलं की साखर बिटाची, उसाची की द्राक्षाची, हे तिची दारू झाल्यावरसुद्धा सांगता यायला लागलं. म्हणजे साखर विरघळली, यीस्टने खाऊन टाकली, अल्कोहोल झाला, तरी जन्मदाखला शिल्लक!

मंडळी, वाईन कशी प्यावी, कुठल्या चीजबरोबर प्यावी वगैरे सांगणारा हा लेख नाही. त्यातलं मला काही कळत नाही. पण बाटलीवरच्या लेबलवर जे गाव लिहिलंय तिथलीच ती वाईन आहे हे सिद्ध कसं करायचं, या प्रश्नाने गेले काही वीकेंड माझं डोकं खाल्लंय. कारण वरवर हा प्रश्न रसायनशास्त्राचा दिसतो आणि खोलात गेलं की चक्क डेटाबेसचा निघतो. आणि त्याच्या मुळाशी आहे एक शेतकरी आंदोलन. तर तिथूनच सुरुवात करू.

द्राक्षाचा रस आंबवला की त्यातल्या साखरेचं अल्कोहोल होतं. थंड प्रदेशात, किंवा ज्या वर्षी ऊन कमी पडतं त्या वर्षी, द्राक्षात साखर कमी भरते आणि वाईन फिकी, कमी अल्कोहोलची होते. उपाय सोपा आहे. आंबवायच्या आधी रसात वरून साखर घाला. ही युक्ती जुनीच होती, पण १८०१ साली झाँ-आंत्वान शाप्ताल या रसायनशास्त्रज्ञाने तिला आपल्या ग्रंथात शास्त्रीय बैठक दिली. हा गृहस्थ नेपोलियनचा गृहमंत्रीही होता. त्याच्या नावावरून या प्रकाराला आजही ‘शाप्तालायझेशन’ म्हणतात. पुढे ब्रिटिश आरमारामुळे वेस्ट इंडीजची साखर येईनाशी झाली तेव्हा नेपोलियनने बिटाच्या साखरेला जोर दिला, आणि उत्तर फ्रान्समध्ये बिटाचे कारखाने उभे राहिले. दक्षिणेत द्राक्षं, उत्तरेत बीट. पुढच्या भांडणाची मांडणी इथेच झाली.

१८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा मुळापासून खायला सुरुवात केली. मुळापासून म्हणजे अक्षरशः, कारण ती कीड वेलीची मुळंच खाते. १८७५ मध्ये देशाचं वाईन उत्पादन ८ कोटी हेक्टोलिटरच्या वर होतं (एक हेक्टोलिटर म्हणजे १०० लिटर). १८८९ पर्यंत ते २.५ कोटींच्या खाली आलं. पण पिणाऱ्यांची तहान काही कमी झाली नाही. मग बाजाराने ती आपल्या पद्धतीने भागवली. ग्रीस आणि तुर्कस्तानातून मनुका आणायच्या, कोमट पाण्यात भिजवायच्या, आंबवायच्या, झाली वाईन. किंवा द्राक्षं पिळून उरलेल्या चोथ्यावर पुन्हा पाणी आणि साखर घालायची. आपण त्याच चहापत्तीवर दुसऱ्यांदा पाणी ओततो ना, तसं.

अमेरिकन वेलींच्या मुळांवर फ्रेंच वेलींची कलमं बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी कर्ज काढून लागवड केली. तोपर्यंत नकली वाईनचा धंदा मात्र चांगलाच स्थिरावला होता. त्यात १९०३ साली सरकारने साखरेवरचा कर कमी केला. खऱ्या वाईनचे भाव इतके पडले की लांगदॉक भागातल्या शेतकऱ्याला तोडणीचा खर्चही निघेना. हे चित्र आपल्याला नवीन नाही. कर्ज, पडलेले भाव, आणि शहरातल्या लोकांना त्याचा पत्ताच नसणं.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए नावाच्या खेड्यातले ८७ जण मार्सलँ आल्बेर या माणसाच्या मागे पायी निघाले. आल्बेर गावात कॅफे चालवायचा आणि त्याची थोडी द्राक्षबागही होती. नारबॉन गावी संसदेची चौकशी समिती आली होती, तिच्यापुढे गाऱ्हाणं मांडायचं एवढाच हेतू. पण मग दर रविवारी सभा व्हायला लागल्या आणि आकडा वाढतच गेला. ९ जूनला माँपेलिएच्या सभेला पाच लाखांहून जास्त माणसं जमली होती. मागणी साधी होती: आम्ही द्राक्षापासून वाईन करतो, आमच्या शेजारी साखरपाण्यापासून करतात, आणि दोन्ही एकाच नावाने विकल्या जातात. हे थांबवा.

पंतप्रधान क्लेमांसोने सैन्य पाठवलं. नारबॉनमध्ये गोळीबार होऊन माणसं मेली. ते ऐकून १७ व्या पायदळ रेजिमेंटच्या सैनिकांनी, ज्यांतले बरेच त्याच भागातल्या शेतकऱ्यांचे मुलगे होते, बंड केलं आणि बेझिए शहरात येऊन ठाण मांडलं. आल्बेर लपतछपत पॅरिसला जाऊन क्लेमांसोला भेटला. क्लेमांसोने त्याला समजावलं आणि परतीच्या तिकिटासाठी १०० फ्रँकची नोट दिली. मग ती गोष्ट पत्रकारांना सांगितली. झालं. ‘विकला गेला’ म्हणून गावच्या लोकांनीच आल्बेरला दूर केलं. राजकारण तेव्हाही असंच होतं!

पण २९ जून १९०७ ला कायदा आला. नकली वाईनवर बंदी, साखरेवर जादा कर, आणि एक छोटंसं कलम: प्रत्येक बागायतदाराने दर वर्षी आपली वाईन किती झाली हे नगरपालिकेत लेखी नोंदवायचं.

हे कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण १९०७ मध्ये खरा घोळ काय होता? शेतकरी म्हणत होते नकली वाईनमुळे भाव पडले. सरकारी बाजू म्हणत होती तुम्हीच जास्त पिकवलंत. आजचे बरेच इतिहासकारही सांगतात की अतिउत्पादन हे मोठं कारण होतं. पण तेव्हा वाद मिटणार कसा? खरी वाईन किती पिकली याचीच विश्वासार्ह नोंद नव्हती, तर नकली किती हे कोण सांगणार? वजाबाकी करायची तर आधी वरची संख्या पाहिजे. १९०७ च्या कायद्याने ती संख्या लिहायची वही आणली.

वहीने बरंच काम केलं. १९३५ साली फ्रान्सने गावांची आणि प्रदेशांची नावं कायद्याने बांधून देणारी व्यवस्था उभी केली. बोर्दो म्हणजे बोर्दोचीच, शांपेन म्हणजे शांपेनचीच, असं सगळं. पण वहीला एक मर्यादा असते. वही कागदाची, आणि कागद बदलता येतो.

हे किती सोपं आहे ते १९७३ मध्ये बोर्दोत दिसलं. वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला ‘वाईनगेट’ नाव ठेवलं, कारण तिकडे अमेरिकेत त्याच वेळी वॉटरगेट गाजत होतं. पिएर बेर नावाच्या एका व्यापाऱ्याने दक्षिणेकडची स्वस्त लाल वाईन घेतली. शिवाय बोर्दोची पांढरी वाईन, अधिकृत कागदांसकट, रीतसर विकत घेतली. मग कागदांची अदलाबदल केली. बोर्दोचे कागद स्वस्त लाल वाईनला चिकटले आणि तिची किंमत रातोरात चढली. पुढे ही वाईन शहरातल्या नामांकित घराण्यांच्या पेढ्यांपर्यंत पोचली. १९७४ च्या शेवटी कोर्टाने शिक्षा सुनावल्या. ही चोरी उघड झाली ती कर आणि हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यांमुळे. कागद अस्सल होता, मालच दुसरा होता. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्टिफिकेट व्हॅलिड, पण फाईलच बदललेली. फाईलचा हॅश काढून तो सर्टिफिकेटशी ताडून बघायची सोयच नव्हती.

तो हॅश शेवटी सापडला तो पाण्यात आणि साखरेत.

आता थोडं शाळेतलं विज्ञान. एकाच मूलद्रव्याचे अणू सगळे एकाच वजनाचे नसतात. साध्या हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, ड्युटेरियम. १९३१ साली हॅरॉल्ड युरीने तो शोधला आणि १९३४ चं नोबेल मिळवलं. समुद्राच्या पाण्यात दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे साधारण १५६ ड्युटेरियमचे असतात. (अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे. तिथे हेच ड्युटेरियम वेगळं काढून गोळा करतात.) तसाच कार्बन-१२ चा जड भाऊ कार्बन-१३ आणि ऑक्सिजन-१६ चा ऑक्सिजन-१८. या भावांना समस्थानिक किंवा आयसोटोप म्हणतात. हे तिन्ही जड भाऊ किरणोत्सारी नाहीत, काळाबरोबर संपत नाहीत. ते फक्त किंचित जड आहेत, त्यामुळे प्रत्येक क्रियेत किंचित मागे पडतात. लोकल पकडायला धावणाऱ्या गर्दीत दोन सुटकेस घेतलेला माणूस जसा मागे राहतो तसे. गर्दीत असे किती मागे राहिले ते मोजलं की गर्दी कुठल्या वाटेने आली हे कळतं.

वनस्पती हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन साखर बनवतात, पण सगळ्या एकाच पद्धतीने नाही. १९६० च्या दशकात हवाई आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी उसावर काम करताना शोधलं की उसाची पद्धत वेगळी आहे. ऊस, ज्वारी, बाजरी, मका हे एका गटात (शास्त्रज्ञ त्याला ‘सी-फोर’ म्हणतात), तर द्राक्ष, बीट, भात, गहू हे दुसऱ्या गटात (‘सी-थ्री’). सी-थ्री वनस्पती जड कार्बनला जास्त नाकारतात. एका प्रमाणित नमुन्याशी तुलना केली तर द्राक्षाच्या किंवा बिटाच्या साखरेत कार्बन-१३ चं प्रमाण साधारण हजारी २६ ने कमी भरतं, उसाच्या साखरेत फक्त हजारी ११ ने. म्हणजे वाईनमध्ये उसाची साखर घातली असेल तर कार्बनच सांगून टाकतो. पण फ्रान्समधली साखर बिटाची, आणि बीट आणि द्राक्ष पडले एकाच गटात. कार्बन गप्प.

इथे मार्टिन दांपत्याचं काम येतं. त्यांनी विचारलं की नमुन्यात एकूण ड्युटेरियम किती एवढंच कशाला मोजायचं, तो रेणूच्या कुठल्या जागी बसलाय ते बघू या. अल्कोहोलच्या रेणूत हायड्रोजन बसायच्या तीन वेगवेगळ्या जागा असतात. पहिल्या जागेवरचा हायड्रोजन मुख्यतः साखरेतून येतो, दुसऱ्या जागेवरचा मुख्यतः रसातल्या पाण्यातून. चुंबकीय अनुनादाच्या यंत्राने, म्हणजे एनएमआरने (हॉस्पिटलातल्या एमआरआयचा हा थोरला भाऊ), प्रत्येक जागेवरचा ड्युटेरियम वेगळा मोजता येतो. एकाच रेणूत दोन फील्ड! एकात झाडाची माहिती, दुसऱ्यात पाण्याची.

आणि पहिल्या फील्डमध्ये बीट आणि द्राक्ष वेगळे पडले. बिटाच्या साखरेच्या अल्कोहोलमध्ये त्या जागी दहा लाखांत साधारण ९२ ड्युटेरियम, उसाच्या साधारण ११०, आणि द्राक्षाच्या मध्ये कुठेतरी, साधारण ९८ ते १०५. मार्गग्राफची ‘तीच ती साखर’ शेवटी तीन झाली.

१९८७ मध्ये त्यांचा मुलगा जील मार्टिन याने ही पद्धत विकण्यासाठी नांतमध्ये चार माणसांची एक कंपनी काढली, यूरोफिन्स. ती आज जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रयोगशाळा-समूहांपैकी एक आहे. (विद्यापीठातल्या संशोधनावरून स्टार्टअप कशी करावी याचं हे उदाहरण कॅलिफोर्नियातलं नाही म्हणून आपल्याला कुणी सांगत नाही.) १९९० साली युरोपीय समुदायाने ही पद्धत वाईन तपासणीच्या अधिकृत पद्धतींमध्ये घेतली.

आता भेसळ करणारेही काही झोपलेले नसतात. बिटाचे ९२ आणि उसाचे ११०. दोन्ही साखरा निम्मी-निम्मी मिसळल्या तर सरासरी १०१, म्हणजे बरोबर द्राक्षाच्या पट्ट्यात! हायड्रोजनची चाचणी पास. पण मग कार्बन बघा. बिटाचे २६ आणि उसाचे ११ यांची सरासरी येते साडेअठरा. या साखरेतून आलेलं अल्कोहोल जेवढं जास्त, तेवढा वाईनचा आकडा द्राक्षाच्या २६ पासून सरकत जातो. एका चाचणीला फसवायला जो मसाला घातला तो दुसरीत उघडा पडतो. म्हणून हे आकडे नेहमी जोडीने वाचतात. एकच चेक ठेवून प्रॉडक्शनला जाऊ नये, एवढं तर आपल्यालाही माहीत असतं.

साखर द्राक्षाची आहे एवढं ठरलं, पण द्राक्ष कुठलं? त्यासाठी पाणी. आणि पाण्याची गोष्ट सुरू होते एका बिअरच्या बाटलीपासून.

जून १९५२ मधल्या एका पावसाळी शनिवार-रविवारी कोपनहेगनमध्ये विली डान्सगार्ड या तरुण शास्त्रज्ञाने घरच्या हिरवळीवर बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्या तोंडात नरसाळं खोचलं आणि पाऊस जमा केला. वेगवेगळ्या वेळी पडलेल्या पावसात ऑक्सिजन-१८ चं प्रमाण बदलतं का, एवढंच त्याला बघायचं होतं. बदलत होतं! पुढे जगभरच्या पावसाचे नमुने मोजून १९६४ साली त्याने याचं गणित मांडलं. जड पाण्याचे रेणू वाफ होताना मागे राहतात आणि पाऊस पडताना आधी पडतात. त्यामुळे समुद्रावरून निघालेला ढग जसजसा जमिनीवर आत जातो, डोंगर चढतो, थंडीकडे सरकतो, तसतसा त्याचा पाऊस हलका होत जातो. अटलांटिकच्या काठावरच्या बोर्दोचा पाऊस आणि युरोपच्या पोटातला पाऊस एकसारखा नसतो. (वीकेंडला केलेल्या उद्योगांतून काही निघत नाही म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद घरी वाचून दाखवावा. :-))

वेलीची मुळं हे पाणी आहे तसं उचलतात. मग उन्हात पानांतून आणि फळातून बाष्पीभवन होतं, हलके रेणू उडून जातात आणि उरलेलं पाणी जड होतं. कोरडा, तापलेला उन्हाळा असेल तर जास्तच जड. म्हणजे द्राक्षाच्या रसात दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: पाऊस कुठला आणि त्या वर्षीचं ऊन कसं. तो रस आंबला तरी पाणी तेच राहतं. वाईनमध्ये नळाचं पाणी मिसळलं तर हलकं पाणी आल्याने आकडा खाली घसरतो. आणि सिसिलीची वाईन उत्तरेतल्या गावाच्या नावावर खपवली तर तिच्यातलं ऊन लपत नाही.

इथपर्यंत सगळं कसं छान आहे. टीव्ही मालिकेत असतं तसं, यंत्रात थेंब टाकला आणि पडद्यावर गावाचं नाव आलं. प्रत्यक्षात पडद्यावर येतो फक्त एक आकडा. आणि आकड्याला एकट्याला काही अर्थ नसतो.

उदाहरणादाखल समजा एका बाटलीचा हायड्रोजनचा आकडा आला ९९. ही वाईन खरी की साखर घातलेली? त्या भागातल्या त्या वर्षीच्या शुद्ध वाईनचा आकडा जर १०१ असेल, तर हिशेब असा: द्राक्षाचे १०१ आणि बिटाचे ९२ यांत फरक ९ चा, आपण घसरलो २ ने, म्हणजे सुमारे २२ टक्के अल्कोहोल बिटाच्या साखरेचं. (उत्तरेकडच्या काही प्रदेशांत थोडी साखर घालायला कायद्याने परवानगी असते, म्हणून ‘घातली का’ यापेक्षा ‘किती घातली’ हे महत्त्वाचं.) पण त्या भागातल्या त्या वर्षीच्या शुद्ध वाईनचाच आकडा ९९ असेल तर? शून्य टक्के. माणूस निर्दोष. बाटली तीच, यंत्र तेच, मोजमाप तेच. एका हिशेबाने दंड आणि बदनामी, दुसऱ्या हिशेबाने काहीच नाही. फरक कुठून आला? ज्याच्याशी ताडून बघितलं त्या आकड्यातून.

म्हणून १९९१ साली युरोपीय समुदायाने ठरवलं की दर वर्षी सुगीच्या वेळी सरकारी माणसांनी ठरलेल्या बागांमधून स्वतः द्राक्षं तोडायची, प्रयोगशाळेत त्यांची थोडी थोडी वाईन करायची, आकडे मोजायचे आणि एका सामाईक डेटाबँकेत ठेवायचे. ही डेटाबँक सांभाळायचं काम उत्तर इटलीत माज्जोरे सरोवराकाठच्या इस्प्रा इथल्या युरोपीय संशोधन केंद्राकडे आलं. २००८ च्या नियमावलीत फ्रान्स आणि इटलीला दर वर्षी किमान ४०० नमुने प्रत्येकी, जर्मनी आणि स्पेनला २००, आणि चिमुकल्या लक्झेंबर्गला ४, असा कोटाच लावून दिला होता.

दर वर्षी का? एकदाच नकाशा बनवून का भागत नाही? कारण पाऊस दर वर्षी वेगळा. २००३ चा उन्हाळा घ्या. त्या वर्षी युरोपात उष्णतेच्या लाटेने हजारो माणसं दगावली. अशा वर्षी उत्तरेकडच्या द्राक्षांतलंही पाणी जड होतं. ते आकडे आधीच्या, थंड वर्षांच्या आकड्यांशी ताडले तर एखादा प्रामाणिक शेतकरी दक्षिणेची वाईन मिसळणारा ठरेल. तोडणीच्या आदल्या दिवसांत जोरदार पाऊस झाला तर उलटं, पाणी मिसळल्याचा संशय. त्या शेतकऱ्याच्या बाजूने साक्ष द्यायला एकच गोष्ट असते: त्याच वर्षी, त्याच भागातून, सरकारी माणसाने तोडलेल्या घडांचे आकडे. डेटाबँक चोराला पकडते हे आपण लगेच बघतो. पण साव माणसाला वाचवणारीही तीच असते.

आणि बऱ्याच गोष्टी आयसोटोपना कळतही नाहीत. रस्त्याच्या अलीकडचं गाव आणि पलीकडचं गाव पाण्यावरून वेगळं करता येत नाही, कारण दोघांवर पाऊस एकच पडतो. दोन वेगळ्या खंडांतल्या जागांचे आकडे योगायोगाने सारखे येऊ शकतात. म्हणून काही संशोधक मातीकडे वळले. रुबिडियम-८७ चं सुमारे ४९ अब्ज वर्षांच्या अर्धायुष्याने स्ट्रॉन्शियम-८७ होतं, त्यामुळे जुन्या ग्रॅनाइटवरच्या आणि तरुण ज्वालामुखी खडकांवरच्या मातीत स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर वेगळं असतं, आणि वेल ते जवळजवळ तसंच उचलते. पण खतं, वाईन नितळ करायला वापरलेली बेंटोनाइट माती अशा गोष्टी त्यात ढवळाढवळ करू शकतात. एकूणात आयसोटोप ‘ही वाईन तिथली नाही’ हे बऱ्यापैकी ठामपणे सांगतात, ‘तिथलीच आहे’ हे मात्र ‘असायला हरकत नाही’ इतकंच.

याचा उत्तम नमुना म्हणजे २०१० मधला कार्कासॉनच्या कोर्टाचा निकाल. २००६ ते २००८ या काळात दक्षिण फ्रान्समधून एका मोठ्या अमेरिकन कंपनीला ‘पिनो न्वार’ या महागड्या जातीच्या द्राक्षाची म्हणून भरपूर वाईन विकली गेली, सुमारे १.८ कोटी बाटल्या भरतील एवढी. प्रत्यक्षात ती त्याच भागातल्या मेर्लो आणि सिरा या स्वस्त जातींची होती. पाऊस तोच, ऊन तेच, साखरही द्राक्षाचीच. आयसोटोप काय सांगणार? पिणाऱ्यांनीही तक्रार केली नाही. तपासनिसांना दिसलं ते इतकंच की त्या भागात जेवढी पिनो न्वार पिकते त्यापेक्षा जास्त विकली गेली आहे. म्हणजे पकडली कुणी? वजाबाकीने. मार्सलँ आल्बेरच्या लोकांनी गोळ्या झेलून जी वही मिळवली, तिने, शंभर वर्षांनी.

हे सगळं वाचताना आपल्याकडचं आठवल्याशिवाय राहत नाही. भारतात २०२० च्या डिसेंबरमध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने मधाचं प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा हीच चाल दिसली. उसाचा पाक मिसळला तर कार्बनची चाचणी पकडते. म्हणून तांदळाचा पाक, कारण भात सी-थ्री, म्हणजे मधमाशा जिथून मध आणतात त्या बहुतेक फुलांच्याच गटातला. मग तेच नमुने जर्मनीला एनएमआर चाचणीसाठी पाठवावे लागले. तिकडे नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसलाही मिळालं. चांगलंच झालं. पण मानांकन म्हणजे कायद्याने दिलेलं नाव, १९३५ च्या व्यवस्थेतून बोर्दोला मिळालं तसं. ते नाव दुसऱ्याच मालावर चिकटवलं तर कोर्टात उभं राहून ‘हा आंबा इथला नाही’ असं म्हणायला दोन गोष्टी लागतात: किती पिकलं त्याची खरी नोंद, आणि दर हंगामात खात्रीच्या बागेतून काढलेल्या फळाचे आकडे. यंत्र विकत आणता येतं. गेल्या वीस वर्षांचे आकडे विकत मिळत नाहीत. ते त्या त्या वर्षी, त्या त्या बागेत जाऊनच गोळा करावे लागतात, आणि एकदा वर्ष गेलं की गेलं.

आपल्या क्षेत्रात सगळ्यांना अल्गोरिदम आवडतो. डेटा भरायचं काम कुणालाच नको असतं. या गोष्टीतही नाव झालं ते युरी, डान्सगार्ड, मार्टिन यांचं, आणि ते रास्तच आहे. पण कुठल्याशा बागेत सप्टेंबरच्या सकाळी चिखल तुडवत जाऊन, ठरलेल्या ओळीतले घड तोडून, पिशवीवर तारीख आणि गावाचं नाव नीट लिहिणारा जो कारकून असतो, त्याने त्या दिवशी आळस केला तर पुढचं सगळं शास्त्र लंगडं. वाईनमधलं पाणी खोटं बोलत नाही हे खरंच. पण ते काय बोलतंय ते समजायला वही लागते, आणि ती वही माणसानेच भरायची असते. दर वर्षी, न चुकता.

असो. बराच लांबला लेख. पुढच्या वेळी सुपरमार्केटमध्ये बाटलीवरचं गावाचं नाव वाचाल तेव्हा त्या कारकुनाची आठवण काढा. आणि मार्सलँ आल्बेरचीही.